बदकिणीची चाल

स्टुडिओत तिला सगळे खोडरबर म्हणत. रेष मनासारखी उतरली नाही की ती खोडायची, पुन्हा काढायची, पुन्हा खोडायची. कागदाला भोक पडायची वेळ आली तरी बाई हटायची नाही. हाताने चित्रं काढून ती पडद्यावर हलती करण्याच्या या कामात तिची बावीस वर्षं गेली होती, आणि या नावाचा राग येणं कधीच बंद झालं होतं.

त्या दिवशी दिग्दर्शकाने तिला बोलावून घेतलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. चित्रपट घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून पाहावा असा होता. तळं आटतं, बाकीची बदकं उडून जातात आणि उडता न येणारी एक म्हातारी बदकीण मागे राहिलेल्या पाच पिल्लांना घेऊन टेकडीपलीकडच्या तळ्याकडे पायी निघते. टेकडी चढण्याचा प्रसंग खोडरबरकडे होता.

"बघा, चालतच नाहीये ती," दिग्दर्शक म्हणाला. "ओल्या फरशीवरून साबण सरकावा तशी सरकतेय."

त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं.

"या प्रसंगाला आठ दिवस उरलेत. हा तुकडा कॉम्प्युटरवर करून घेऊ."

"सेकंदाला बारा चित्रं," ती म्हणाली. "वीस सेकंदांची दोनशे चाळीस. म्हणजे दिवसाला तीस. मी करते, सर."

"आणि खोडत बसलात तर?"

"खोडूनच करणार. पण आठव्या दिवशी संध्याकाळी गठ्ठा तुमच्या टेबलावर असेल."

"नसला तर नवव्या दिवशी कॉम्प्युटर," तो म्हणाला.

घरी आली तेव्हा सासूबाई खोलीत फेऱ्या मारत होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. "सातवी!" त्यांनी भिंतीला हात लावून जाहीर केलं आणि वळल्या. खोडरबर दारातच थबकली. आधी हनुवटी पुढे जायची, मग खांदे. सगळा भार चांगल्या पायावर यायचा, मग क्षणभर थांबणं, जणू दुखऱ्या गुडघ्याची परवानगी घेतायत. आणि मग पाऊल पडायचं, थप्प! तिच्या बदकिणीला पाय होते, पण त्या पायांवर वजनच नव्हतं. चूक तिथे होती.

तिने चपलाही न काढता वही उघडली. "आई, अजून एक फेरी मारा ना."

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "माझं चित्र काढतेस? कशासाठी?"

"बदकिणीसाठी."

"मी बदकीण?"

"म्हातारी," तिने खरं ते सांगून टाकलं. "पण सगळ्या कळपात तिच्याइतकी हिंमत कुणात नाही. पाच पिल्लं घेऊन टेकडी चढते."

"टेकडी चढते, आणि तू मला सपाट फरशीवर चालवतेस? जिन्यावर चल."

डॉक्टरांनी जिना चढायला आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं. सासूबाई रोज काहीतरी सबब काढून टाळत होत्या. आज मात्र लेकाने कोपर धरला, सून वही घेऊन चार पायऱ्या वर बसली आणि सासूबाई दात-ओठ खात पहिली पायरी चढल्या. दुसरी. तिसरीवर डोळ्यांत पाणी आलं. "काढलंस का नीट?" त्यांनी धापा टाकत विचारलं. "अजून चढते."

दुसऱ्या दिवसापासून खोडरबरने कंबर कसली. काचेखाली दिवा असलेल्या टेबलावर कागदावर कागद ठेवायचा, खालचं चित्र वर उमटलं की रेष केसभर पुढे सरकवायची. पाचव्या दिवशी दीडशे कागद झाले. गठ्ठा बोटांत धरून तिने फर्रकन उलटून पाहिला. शंभराव्या कागदापासून बदकीण चढता चढता लठ्ठ होत गेली होती.

"पन्नास चित्रं वाया," रात्री जेवताना तिने सांगितलं.

"थोडंसं कुणाला कळणार?" नवरा म्हणाला.

"मला कळेल."

"मग टाक ती," सासूबाई म्हणाल्या. "जेवून घे आधी. मी भांडी लावते, तू झोप. सकाळी लवकर जा."

तिने पन्नासच्या पन्नास कागद फाडले. उरलेल्या तीन दिवसांत एकशे चाळीस काढायची होती. ती सगळ्यांच्या आधी यायची आणि डबा टेबलावरच खायची. अंगठा आखडला तेव्हा पेन्सिलीला कापड गुंडाळून ती जाड केली. आठव्या दिवशी संध्याकाळी दोनशे चाळीस कागदांचा गठ्ठा दिग्दर्शकाच्या टेबलावर ठेवला, तेव्हा तिची बोटं उघडत नव्हती.

सकाळी प्रसंग पडद्यावर लावला. हाताने काढलेल्या रेषा किंचित थरथरत होत्या. बदकीण चोच पुढे काढून थांबली, तिने पाऊल टाकलं, पुन्हा थांबली. दिग्दर्शकाने तीनदा पाहिलं.

"आता पंचाईत झाली," तो म्हणाला. "तिचे बाकीचे सहा प्रसंगही असेच लागतील."

"दोन माणसं द्या हाताखाली. आणि कॉम्प्युटरचं नाव काढू नका."

"दिली," तो म्हणाला.

पुढे पाच महिने त्यात गेले. चित्रपट लागला तेव्हा घरची तिघं मधल्या रांगेत बसली. टेकडीचा प्रसंग आला. गाणं नव्हतं, संवाद नव्हता, नुसती चाल. पुढच्या रांगेतली चिमुरडी खुर्चीवर उभी राहिली.

"आई, तिचा पाय दुखतोय का गं?"

सासूबाईंनी अंधारात सुनेचा हात घट्ट दाबला. "त्या पोरीला कळलं बघ," त्या कुजबुजल्या.

"हो," ती म्हणाली, आणि तिनेही त्यांचा हात दाबला.