तीन हजार एक

तिने एंटर दाबलं आणि हात मांडीवर घेऊन बसली. जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कचा पहिला धडा, सात ओळींचा सर्व्हर. चालला की ब्राउझरमध्ये ‘नमस्कार’ उमटणार होतं. चाळिशी उलटल्यावर ही उठाठेव तिने धाकट्या भावाच्या भरवशावर मांडली होती. दंतवैद्याकडची सोळा वर्षांची रिसेप्शनची नोकरी तिने महिन्यापूर्वी सोडली. पेशंटांना वेळ देणारी वेबसाइट दोघांनी मिळून काढायची, कल्पना तिची आणि शिकवणार तो, असं ठरलं होतं.

‘नमस्कार’ काही आलं नाही. एरर आली, तीन हजार नंबरचा पोर्ट आधीच वापरात आहे.

“अरे, पोर्ट वापरात आहे म्हणजे काय?” तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

“त्या नंबरवर दुसरं काहीतरी चालू आहे,” तो चहा गाळता गाळता म्हणाला. “माझंच काहीतरी बंद करायचं राहिलं असेल.” मग जरा वेळाने, “ताई, थांब. हात लावू नकोस, मी येतो.”

लॅपटॉप त्याचाच होता. पण धड्यात दिलेला तीन हजारचा पत्ता तिने तोवर ब्राउझरमध्ये उघडला होता.

वरच मोठ्या चौकटीत प्रश्न होता, ‘आज दुखतंय का? मग आधी ते सांगा.’ फोनवर सोळा वर्षं ती हेच बोलत आली होती. खालचा वेळांचा तक्ता तिने वहीत आखून त्याला दाखवलेला, म्हाताऱ्यांसाठीची ठळक अक्षरंही तिचीच. तळाशी निर्मात्यांची दोन नावं होती, भावाचं आणि त्याच्या ऑफिसातल्या मित्राचं. घाई नको, आधी पाया पक्का कर, असं तो महिनाभर सांगत होता, आणि ती मुकाट्याने धडे उतरवून काढत होती. तिला स्वतःचाच राग आला.

तो दोन कप घेऊन दारात उभा होता.

“मी सांगणारच होतो गं. तुझं शिकून होईपर्यंत थांबलो असतो तर...”

“माझी वही कुठाय?”

“बॅगेत. माझ्या.”

“आण.”

तो आत गेला. तिने शेवटच्या ओळीतला एक आकडा बदलला आणि पुन्हा एंटर दाबलं.

तो वही घेऊन आला, तेव्हा एरवीसारखी ती खुर्ची सरकवून बाजूला झाली नाही.

“झालं चालू?” त्याने सवयीने विचारलं.

“झालं. तीन हजार एकवर,” ती म्हणाली. “तुझं बंद करावं लागलं नाही.”