मसवडला विचारा

सांगलीच्या रक्तपेढीतल्या फ्रिजमध्ये सगळ्या गटांच्या पिशव्या. एका गटाची सोडून.

माण तालुक्यातल्या एका माळावर धुळा. रजेवर, मामाच्या मेंढरांमागं.

माधवनगरात लियाकतभाई टर्पेंटाइनमध्ये ब्रश धुताहेत.

पल्लवी, वय चोवीस. वडूजहून सांगलीला आणलेली बाळंतीण. रक्त थांबत नाही.

पडद्यावर एकच ओळ: जोडणी झाली नाही.

या सगळ्यांची गाठ पडली ती माधवनगरात, अरिबाच्या टेबलावर, दुपारी पावणेएकला.

"मॅडम, यादी उघडंना!" रक्तपेढीतला ऋषिराज फोनवर ओरडत होता. "बाईचा बॉम्बे ग्रुप हाय. धा हजारांत एखाद्याचा. डॉक्टर म्हणत्यात, तासाभरात दाता दारात पायजे."

असल्या दुर्मिळ गटांच्या दात्यांची यादी साताऱ्याच्या सर्व्हरवर होती आणि ती उघडणारा जावा भाषेतला प्रोग्राम अरिबानंच लिहिलेला. सर्व्हर कालच नव्या जागी हलला होता. प्रोग्रामला नुसतं नाव ठाऊक. त्या नावाचा पत्ता तो रक्तपेढीच्या नेटवर्कला विचारायचा, आणि नेटवर्क अजून जुनाच पत्ता देत होतं. घर सोडून गेलेल्याची चौकशी शेजाऱ्याकडं करावी आणि त्यानं छातीठोकपणे कुलूप लावलेलं दार दाखवावं, तसं.

तिनं प्रोग्राम बंद करून चालू केला. तेच कुलूप.

मग शेजाऱ्याला विचारायचंच नाही. अरिबानं स्वतःचा रिझॉल्व्हर लिहायला घेतला. म्हणजे प्रोग्रामला एवढंच बजावायचं, की पत्ता हवा असला तर नेटवर्ककडं जाऊ नको, मी सांगते त्या नामसर्व्हरला, नावांचे पत्ते ठेवणाऱ्या मशिनलाच, विचार. वीस-पंचवीस ओळी. पण विचारायचं कुणाला, हे ठाऊक होतं फक्त सर्व्हर हलवणाऱ्या धुळाला.

"धुळादादा, नव्या सर्व्हरच्या पत्त्याचा आकडा सांग. लवकर."

"आकडा सायबाच्या वहीत, आन् सायेब इमानात. पर नामसर्व्हरचं नाव पाठ हाय की. मसवड. आपल्या समद्या मशिनींस्नी गावांचीच नावं न्हाईत व्हय? मसवड, मग टिंब, मग कंपनीचं—ए हुर्र! मेंढरू घुसलं गं कुनाच्या तरी—"

फोन तुटला. पुन्हा लागेना. मेसेजपुढं एकच राखाडी खूण.

तिनं अक्षरं मारली. एम, ए, एस.

असा कुणी नाही.

जावा ‘नाही’ हे उत्तरही दहा सेकंद धरून बसतं. अरिबानं दहा मोजले. पुन्हा विचारलं.

असा कुणी नाही.

डब्ल्यूच्या जागी व्ही. शेवटी दोन ए. नाही. नाही.

"मॅडम, बीपी साठवर आलाय. तिची सासू माझ्या टेबलापाशी उभी हाय, तिला काय सांगू?"

"सांग, शोधतेय."

"ते सांगून झालं की."

"मसवड," अरिबा पुटपुटत होती. "मसवड, मसवड..."

"कुठं निघालीस?" लियाकतभाईंनी दारातून विचारलं. चाळीस वर्षं एसटीच्या पाट्या रंगवलेला माणूस.

"अब्बा, गप्प बसा! मसवड चुकतंय."

"चुकणारच. मसवड बोलायचं. रंगवायचं म्हसवड. म ला ह जोडून. एकदा मी ह गाळला, तर साहेबानं अख्खी पाटी खरवडायला लावली."

अरिबाची बोटं थबकली. माळावरचा धुळा ह गिळतो, ती स्वतः गिळते, अख्खा मुलूख गिळतो. यंत्राला गिळता येत नाही.

एम, एच.

पत्ता आला. तिनं बदललेला प्रोग्राम रक्तपेढीच्या मशिनवर चढवला. यादी उघडली. दोनच नावं. एक आता दुबईत. दुसरं आष्ट्यातलं, इंद्रजित.

अरिबानंच फोन लावला. घंटा सहा वेळा वाजली.

"हां, कोन?"

"सांगलीची रक्तपेढी. मागं रक्त कधी दिलंत?"

"पाच-सा म्हैनं झालं. का वो?"

"आत्ता निघता येईल?"

"जेवतोय. हात धुतो, चला. कुनाला द्यायचंय?"

एवढा वेळ जिच्यासाठी झटत होती, तिचं नाव अरिबानं विचारलंच नव्हतं.

"एका बाळंतिणीला."

"मग बोलत काय बसलाय बाई!"

फोन तसाच चालू राहिला. भांडं पडल्याचा आवाज, कुणीतरी ‘आवं, पानावरनं उठून कुठं?’ म्हणालेलं, मग गाडीची किक. एकदा. दोनदा. धरेना. तिसऱ्यांदा.

पल्लवी नवव्या दिवशी वडूजला घरी गेली.