एकेचाळिसाव्या पानावरची शेवंती

मी एक जुना कवितासंग्रह आहे. मित्रांनो, माझ्यात साठ कविता आहेत आणि त्यांतल्या निम्म्या फुलांवर आहेत. माझ्या कवीला फुलांची भारी हौस. झाडाला पाणी घालायची वेळ मात्र त्याच्यावर कधी आली नसावी.

वाचनालयात मला दोनच वाचक मिळाले. एक घड्याळं दुरुस्त करणारा आणि एक परिचारिका. तो एखाद्या कवितेवर फूल ठेवून मला परत करी. मग ती मला नेई आणि दुसऱ्या कवितेवर फूल ठेवून उत्तर देई. समोरासमोर आले की दोघांची दातखीळ बसे. माझी पानं डागाळली, पण खरं सांगतो, त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

मग नवीन ग्रंथपालबाई आल्या. त्यांनी परिचारिकेला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. "पुस्तक आहे की फुलदाणी? पुन्हा डाग दिसला तर कार्ड रद्द करीन!" तिने खाली मान घालून माफी मागितली.

त्याच सुमारास घड्याळवाल्याला परगावी काम मिळालं. त्याने माझ्या पुठ्ठ्याच्या घडीत घट्ट चिठ्ठी खोचली: 'माझ्याबरोबर येणार असाल तर एकेचाळिसाव्या पानावर फूल ठेवा. रविवारी दहाच्या गाडीला वाट पाहीन. पान रिकामं दिसलं तर पुन्हा त्रास देणार नाही.'

तिने शेवंती निवडली. मला डाग पडू नये म्हणून ती आधी दोन कागदांत घालून उशीखाली वाळवली. शनिवारी एकेचाळिसाव्या पानावर ती शेवंती घेऊन मी परत आलो. बाईंनी शिस्तीप्रमाणे मला उलटं धरून केराच्या टोपलीवर झटकलं. "काय काय कोंबतात मेले!"

ओलं फूल पानाला चिकटून तरी राहतं. वाळलेलं सुटून पडलं.

संध्याकाळी त्याने एकेचाळिसावं पान उघडलं. मग मागची-पुढचीही पानं चाळली. रविवारी तो पहिल्याच गाडीने एकटा निघून गेला. ती ट्रंक घेऊन दिवसभर फलाटावर बसली.

सोमवारी तिने मला उघडलं.

"फूल तेवढं घेतलं," ती स्वतःशीच म्हणाली, "मला नाही नेलं."

बाईंनी चष्म्यातून माझं पान निरखलं आणि खूश झाल्या. "बघा, एकही डाग नाही. अस्सं जपावं पुस्तक!"

मित्रांनो, पुस्तकं जरूर जपा. पण कुणाला 'हो' म्हणायचं असेल तर ते तोंडाने म्हणा, आमच्यावर सोपवू नका. मी सगळं पाहिलं होतं. साठ कविता पोटात घेऊन मी तिच्या हातात होतो आणि शेवंती कुठे पडली आहे, एवढंसुद्धा तिला सांगू शकलो नाही.