सारजामावशींचा लंगडा बोकड

करुणाचे वडील इंदापुरात मास्तर होते. ती पुण्यात जनुकशास्त्राची संशोधक झाली. सात वर्षं ती मोरगावच्या शेळ्यांवर काम करत होती. इतक्या कमी पाण्यावर या शेळ्या तगतात कशा, हे तिला शोधायचं होतं. अकरा घरांतल्या शेळ्यांमध्ये तिला डीएनएचा एक लांबलचक तुकडा जसाच्या तसा सापडला. दुष्काळानं निवडून ठेवलेला गुण तो हाच, असं तिनं लिहिलं, आणि एका नावाजलेल्या नियतकालिकानं लेख स्वीकारला.

छापून येण्याआधी सांगावं म्हणून ती एसटीनं मोरगावला शेळ्या पाळणाऱ्या सारजामावशींकडे गेली. शेळ्यांच्या रक्ताचे नमुने घेताना त्यांनीच तिला घरोघर फिरवलं होतं. तिनं शेळ्यांचे फोटो ओट्यावर मांडले. मावशींनी एकेक निरखून पाहिला.

"ही समदी माज्या लंगड्याचीच की."

"लंगडा कोण?"

"बोकड. थोरल्या दुष्काळात गावानं बोकडं विकली. ह्याचा पाय अधू, म्हणून व्यापाऱ्यानं घेतला न्हाय. मग दोन वरसं समद्यांच्या शेळ्या माज्याच दारात."

"मावशी, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी रगत मागितलं, बाई. बाप कोण, ते कुठं इचारलं?"

करुणानं फोटो पुन्हा एकेक करून पाहिले. बाप एकच असेल, तर तो तुकडा अकरा घरांत सारखा असणारच; त्यासाठी दुष्काळाची निवड लागत नाही. या शेळ्या एकमेकींच्या नात्यातल्या असाव्यात, असं काही आकडे सुचवत होते. घरं वेगळी म्हणून तिनंच ते बाजूला सारले होते.

तिनं तिथूनच संदेशला फोन लावला. तो तिचा विद्यार्थी, लेखात दुसरं नाव त्याचं.

"लेख मागं घ्यावा लागेल."

"मॅडम, माझा नोकरीचा अर्ज त्याच्यावरच आहे."

"माहीत आहे. चूक माझी, असं संपादकांना पत्रात लिहीन."

त्यानं फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात करुणा वही घेऊन परत आली. मावशी सांगत गेल्या, ती प्रत्येक शेळीची आई आणि बाप लिहीत गेली. दीड वर्षानं एका लहान नियतकालिकात नवा लेख आला. तो तुकडा टिकला तो दुष्काळाशी झुंजून नव्हे, एक बोकड विकला गेला नाही म्हणून, एवढंच त्यात होतं. मूळ प्रश्न तसाच राहिला. संदेशला वर्षभर उशिरा नागपूरला नोकरी लागली. त्यानं ती कळवली दोन ओळींच्या ईमेलनं. करुणानं त्याला लांब उत्तर लिहिलं आणि पुन्हा कामाला लागली.