पाठीमागचे हात

कल्पना दिघे आणि मंजूषा कारखानीस तीन वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, हे भोपाळच्या अवधपुरी भागातल्या सगळ्या मराठी घरांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त निनादला. तो नाटकाचं शिक्षण घेऊन नुकताच भोपाळला आला होता आणि बाग सेवनियात भाड्यानं राहायचा. मराठी मंडळाने यंदाचं स्पर्धेचं नाटक त्याच्याकडे सोपवलं, आणि त्याने या दोघींना नेमक्या जावांच्या भूमिका दिल्या. नाटकातल्या जावाही एकमेकींना पाण्यात पाहणाऱ्या.

"दोघींच्या नजरेत काहीतरी जबरदस्त आहे," वाचनाच्या दिवशी तो म्हणाला. मागे बसलेली मंडळातली शमिका वहीआड तोंड लपवून हसली.

कधीकाळी दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या. दोघींचे नवरे एकाच वर्षी बदली होऊन भोपाळला आले होते. कल्पनाच्या अदितीला चौदाव्या वर्षी पहिली फिट आली, तेव्हा तिने ना सासरी सांगितलं, ना माहेरी. एकट्या मंजूषाला सांगितलं, बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात, पिशव्या खाली ठेवून, रडत रडत. पुढे दहा वर्षांनी अदितीचं लग्न इंदूरला ठरलं. मुलाची आई मंजूषाची मावसबहीण निघाली. तिने फोन करून मुलीची चौकशी केली आणि मंजूषाने आजाराचं सांगून टाकलं. साखरपुडा चार दिवसांवर आला असताना नकार आला.

"तिने सरळ विचारलं. मी खोटं कसं बोलणार?" मंजूषा तेव्हा एवढंच म्हणाली होती. त्या दिवसापासून कल्पनाने तिला 'तू' म्हणणं सोडलं. चारचौघांत बोलायची वेळ आलीच तर 'तुम्ही'. मंजूषानेही तेच सुरू केलं.

तालमी दर रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायच्या. पहिले तीन रविवार निनादने कुणाला संहितेला हातच लावू दिला नाही. आधी लक्ष, मग कल्पनाशक्ती, मग विश्वास, असं त्याचं म्हणणं. तो सगळ्यांना गोल उभं करायचा. एकाने दुसऱ्याच्या डोळ्यांत बघून टाळी द्यायची, त्याने ती झेलून पुढे पाठवायची. चौदा माणसांत टाळी फिरत राहायची, पण कल्पनाकडून ती मंजूषाकडे कधीच गेली नाही, आणि मंजूषाकडून कल्पनाकडेही नाही. दुसऱ्या रविवारी हे निनादच्या लक्षात आलं. त्याला वाटलं, बायका लाजताहेत.

म्हणून तिसऱ्या रविवारी त्याने दोघींना मुद्दाम शेजारी उभं केलं. खेळ असा होता, की हवेतला मातीचा गोळा हातात घ्यायचा, त्यातून काहीतरी घडवायचं आणि शेजारच्याला द्यायचं. शेजारच्याने ते काय आहे ते ओळखून घ्यायचं. मंजूषाने गोळा हळूहळू थोपटला, त्याचं तान्हं बाळ केलं, मान सांभाळत ते कल्पनापुढे धरलं. कल्पनाने ते घेतलं. क्षणभर बघितलं. मग दोन्ही हात उघडले, बाळ खाली जाऊ दिलं आणि तळवे ओढणीला पुसले.



"बाप रे," शमिका पुटपुटली, "ताईने तो मार ही डाला."

"छान!" निनाद म्हणाला. "ही खरी प्रतिक्रिया. असंच काम करा."

त्याच्या जागी दुसरा कुणी मुरलेला असता तर तिथेच थांबला असता. निनादने लगेच पुढचा खेळ घेतला. एकाने पाठ करून उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि गुडघे न वाकवता सरळ मागे पडायचं. मागच्याने झेलायचं. जोड्या त्याने पाडल्या.

"कल्पनाताई, तुम्ही मागे. मंजूषाताई, तुम्ही पडा."

मंजूषाने एकदा मान वळवून बघितलं. "झेलणार ना?" तिने विचारलं. आवाज अगदी कोरडा होता.

"खेळच आहे," कल्पना म्हणाली. "पडा तुम्ही."

मंजूषाने डोळे मिटले. कल्पनाने हात पुढे केलेलेच होते. तिला मंजूषाचा अंबाडा दिसत होता, त्यातून सुटलेली पांढरी बट दिसत होती. बाई मागे कलली, आणि कल्पनाने हात काढून घेतले. फार मागे नाही, वीतभरच. तेवढं पुरलं.

जाजमाखाली फरशी होती. मंजूषाने पडता पडता उजवा हात मागे टेकला आणि मनगट मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ती ओरडली नाही. खालून वर बघत, तीन वर्षांत पहिल्यांदा एकेरीवर येत, कल्पनालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "तू हात काढलेस."

कल्पनाला त्या क्षणी बरं वाटलं होतं. तेच तिला नंतर खात राहिलं.

धावाधाव झाली. निनाद आणि शमिका मंजूषाला दवाखान्यात घेऊन गेले. संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर मंजूषाचाच निरोप आला: पाय सटकला, मनगटाला प्लास्टर, काळजी नसावी, पुढच्या रविवारी येते. कल्पनाने तो चार वेळा वाचला. ती आपल्याला का वाचवते आहे, हे तिला कळेना, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

अदिती पुण्यात नोकरीला होती. तिचा रोजचा फोन आला तेव्हा कल्पनाने सगळं सांगून टाकलं. तिला वाटलं, निदान लेक तरी समजून घेईल.

 "आई, तू एका बाईचा हात मोडलास?"

"तिने तुझं आयुष्य मोडलं."

"माझं काय मोडलंय? मी रोज कामाला जाते, गोळ्या घेते, सिनेमे बघते. तो मुलगा गेला त्याचं मला आठ दिवस वाईट वाटलं. जास्त वाईट कशाचं वाटलं, माहितीये? तू त्यांना सांगितलंच नव्हतंस. साखरपुडा चार दिवसांवर आला तरी सांगितलं नव्हतंस."

"तुझ्याचसाठी..."

"माझ्यासाठी नाही. तुला लाज वाटत होती." अदितीचा आवाज चढला. "ऑफिसात माझ्या शेजारच्या दोन मुलींना मी शिकवून ठेवलंय, फिट आली तर कुशीवर कसं वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, वेळ कशी बघायची. त्यांना सांगताना मला काहीच झालं नाही. तुलाच अजून ते तोंडातून काढवत नाही. मंजूमावशीने सांगितलं ते चुकलंच, मला न विचारता सांगितलं. पण माझ्या नावावर कुणाला पाडू नकोस. समजलं?"

तिने फोन ठेवला आणि पुढचे चार दिवस केला नाही.

रविवारी मंजूषा आली, कोपरापर्यंत प्लास्टर आणि गळ्यात हात अडकवायची पट्टी. निनादचा चेहरा उतरलेला होता. व्यायाम बंद, थेट संहिता, असं त्याने जाहीर केलं. सगळे खुर्च्यांवर बसले तेव्हा कल्पना उभी राहिली.

"त्यांचा पाय सटकला नव्हता," ती म्हणाली. "मी हात काढले. मुद्दाम."

मागून कुणीतरी "छे छे" म्हणालं. कल्पना थांबली नाही. "का काढले तेही सांगते. माझ्या अदितीला फिट्स येतात. चौदाव्या वर्षापासून. मी जगापासून लपवलं, यांना एकट्यांना सांगितलं, आणि यांनी ते इंदूरला पोचवलं. तुम्ही सगळे उगाच काहीबाही अंदाज करत होता. आता कळलं?"

सगळे मंजूषाकडे बघायला लागले. मंजूषा पाण्याची बाटली मांड्यांमध्ये धरून डाव्या हाताने झाकण फिरवत होती. ते फिरेना. कुणीतरी मदतीला हात पुढे केला, तो तिने झिडकारला.

"मी खोटं लिहिलं ते तुझ्यासाठी नाही," ती कल्पनाला म्हणाली. "खरं लिहिलं असतं तर आमच्या यांनी मला घराबाहेर पडू दिलं नसतं आणि नाटक बुडालं असतं. म्हणून."

निनाद घसा साफ करून म्हणाला, "कल्पनाताई, मी तुम्हाला ठेवू शकत नाही. असं करून..."

"तिला काढायचं नाही," मंजूषा मध्येच म्हणाली. "स्पर्धा तीन आठवड्यांवर आली. एवढ्यात तिची भूमिका उभी करणारं दुसरं कोण आहे? आणि तू रे, आम्हाला न विचारता जोड्या लावत होतास. विश्वास काय गोळीसारखा देता येतो का? आता एवढंच कर. माझी पाठ तिच्याकडे होईल असा एकही प्रसंग बसवायचा नाही."

निनादने तसं बसवलं. सगळं नाटकभर मंजूषा कल्पनाला समोर ठेवूनच बोलली, पाणी भरताना, धुणं वाळत घालताना, देवापुढे बसतानासुद्धा. प्लास्टरवर लुगड्याचा पदर ओढून घेतला होता. स्पर्धेचा प्रयोग सकाळी अकराला होता. दोघी एकमेकींवर अशा काही तुटून पडल्या, की पहिल्या रांगेतली कुजबूज बंद झाली. नाटकाला दुसरं बक्षीस मिळालं. एक परीक्षक निनादला म्हणाले, "त्या थोरल्या जाऊबाई धाकटीला क्षणभरही नजरेआड करत नाहीत, हे फार सुंदर सुचलं तुम्हाला." निनादने मान खाली घातली.

मेकअपच्या खोलीत बाकीचे फोटोसाठी निघून गेल्यावर दोघीच उरल्या.

"हाताबद्दल माफ कर," कल्पना म्हणाली. "फक्त हाताबद्दल."

मंजूषा कापसाने गाल पुसत राहिली.

"तुला कधी एकदाही वाटलं नाही, की आपण सांगायला नको होतं?" कल्पनाने विचारलं.

"वाटलं. पहिलं वर्षभर रोज वाटलं. तुझ्या दारापर्यंत दोनदा येऊन परत गेले. मग तू बाजारात मला बघून रस्ता बदलायला लागलीस. चार बायकांत माझी नक्कल करायला लागलीस. तेव्हापासून वाटेनासं झालं." तिने कापूस फेकला. "आणि माफ बिफ मी करत नाही. हात अजून ठणकतो."

"बरं."

"अदिती कशी आहे?"

हा प्रश्न तिच्या तोंडून यावा, हे कल्पनाला अजिबात आवडलं नाही. उत्तर द्यावं की नाही याचा तिने क्षणभर विचार केला.

"बरी आहे," ती म्हणाली. "जास्त काही जाणून घ्यायचं असेल तर तिलाच फोन कर. नंबर तोच आहे."

तिने पिशवी उचलली आणि फोटोला न थांबता बाहेर पडली.