चाळणीवरचा कोंडा

मृणाली नागवेकर कुणाचं काही विसरत नसे. उपकार नाही, आणि उलटं तर मुळीच नाही. रत्नागिरीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची, नवरा बोटीवर, बोलणं साखरेचं, पण कोण कधी कसं वागलं याची जमा-नावे मनात अशी चोख, की देवळाचे मानकरी, गावकर आत्मारामतात्या म्हणत, “या सुनेशी वाकडं घेण्यापेक्षा फुरशाशी घ्यावं. ते निदान चावून मोकळं होतं.”

वाकडं घेतलं ते तिच्या चुलतदिराने, विनीतने. देवळाच्या कमिटीवर यंदा पहिल्यांदाच बाई घ्यायची होती आणि मृणालीचं नाव जवळजवळ ठरलं होतं. वाडीतल्या बायकांच्या बैठकीत ती म्हणाली, “‘मुंबईहून आलेल्या सुनांना पालखीतलं काय कळतंय’ असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, तुम्ही त्यांना कधी शिकवलंत?” विनीतचा मोबाईलवर बातम्यांचा चॅनल होता. बैठकीच्या व्हिडिओत त्याने वाक्याचं डोकं ठेवलं, धड उडवलं. ‘मुंबईहून आलेल्या सुनांना पालखीतलं काय कळतंय’ एवढंच मृणालीच्या तोंडून घरोघर ऐकू आलं. आणि वाडीतल्या अर्ध्या सुना मुंबईच्या! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मृणालीच्या ओटीवर कुणी फिरकलं नाही. कमिटीवर गेली विनीतची बायको नम्रता.

मृणाली नेहमीसारखी कॉलेजात जात राहिली. तात्यांनी तेव्हाच ओळखलं, की हे प्रकरण मुरत घातलेलं आहे.

शिमगा तोंडावर आला. पोळ्यांसाठी ती कणीक चाळत बसली होती, तेवढ्यात विनीत दारात येऊन उभा राहिला. मान खाली.

“वयनी, चुकलो मी. लोक बघतील म्हणून कापलं. शिमगा झाला की पुरा व्हिडिओ टाकतो. नम्रतापण जागा सोडते म्हणते.”

चाळण थांबली नाही. “बसा भाऊजी. इंग्रजीत एक क्रियापद आहे, गार्बल. ऐकलंयत?”

“नाय बा.”

“मूळ अरबांचं. अर्थ एवढाच, चाळणं. आपल्या या समुद्रातून मिरी-लवंग गेली, तिच्याबरोबर शब्दही गेला. इटलीच्या बंदरात उतरला, तिथून लंडनला. तिथे सरकारी माणूस दुकानात शिरून मसाला चाळायचा, माती-काड्या काढायचा. मानाचं काम हो! मग लोक हुशार झाले. चाळताना आपल्याला हवं ते ठेवायचं, नको ते टाकायचं. मसाल्याचं जमलं तसं बोलण्याचंही. दुसऱ्याचं बोलणं चाळायचं आणि सोयीचं तेवढं जगाला दाखवायचं. आता तर लोक नुसत्या न समजणाऱ्या बोलण्यालाच गार्बल म्हणतात. चाळण कुणाच्या हातात होती, ते कुणी विचारीत नाही.”

विनीत कसनुसा हसला. “म्हणजे तुमचा राग गेला ना?”

“चहा घेऊन जा.”

घरी जाऊन तो नम्रताला म्हणाला, “वयनी शिकवायला लागली. म्हणजे निवळली.” बिचारा!

शिमग्याची पालखी घरोघर फिरत मृणालीच्या अंगणात आली तेव्हा विनीत मोबाईल उंच धरून सगळं थेट दाखवत होता. मुंबईतले चाकरमानी बघत होते. पालखीची ओटी भरायला मात्र बायका पुढे येईनात. कुंपणापाशीच घुटमळत राहिल्या.

मृणालीने पालखीपुढे नारळ ठेवला आणि ढोल थांबले. त्या गावची रीत अशी, की नारळ ठेवणाऱ्याचं पुरं होईपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही. कुणाला काही विचारलंच, तर त्याने नारळावर हात ठेवून विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं.

“विनीतभाऊजी, पुढे या. मोबाईल चालूच राहू दे, मुंबईची मंडळी बघतायत.”

विनीत आला. एका हातात मोबाईल, दुसरा नारळावर.

तिने बैठकीतलं आपलं वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. “मी असंच बोलले होते?”

“होय.”

“तुम्ही ते कापलंत?”

“कापलं, पण मी तर—”

“विचारलं तेवढंच, भाऊजी.”

तात्यांनी विनीतकडे डोळे वटारले. विनीतच्या घशातला तो ‘पण’ तिथेच राहिला. माफी, पुरा व्हिडिओ, नम्रता सोडणार होती ती जागा, सगळं त्या ‘पण’च्या पाठी उभं होतं, आणि मृणालीला ते नीट ठाऊक होतं.

तात्यांनी हात जोडून देवाला गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, या सुनेचं बोलणं ज्यानं तोडलं, त्याच्या बोलण्याला गावात मान राहू नये!”

“होय म्हाराजा!” सगळं अंगण गरजलं. कुंपणापलीकडच्या सुनांचा आवाज सगळ्यांत मोठा.

ढोल वाजू लागले. ओट्या भरायला रांग लागली. नम्रता मागल्या वाटेने घरी निघून गेली.

पालखी हलली तशी मृणालीने पोळीची ताटली विनीतपुढे धरली. त्याने घेतली नाही.

“वयनी, मी तुमच्या घरी येऊन काय बोललो, तेवढं तरी सांगायचं होतंत.”

“सांगायचं होतं खरं,” मृणाली म्हणाली. “चाळणीवर राहिलं.”

आणि पदर खोचून ती ओटी भरणाऱ्या सुनांकडे वळली. एक-दोघींना कुंकू नीट लावता येत नव्हतं, ते तिला शिकवायचं होतं.