टँकरच्या पाण्यात बुडवलेला इलेक्ट्रोड

मी एक इलेक्ट्रोड. बोटभर कांडी, टोकाला मसुरीच्या डाळीएवढा काळा, काचेसारखा गुळगुळीत कार्बन. संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत अश्लेषानं त्या टोकावर ग्राफीन नावाच्या अतिपातळ कार्बनचा आणि सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप चढवला. त्या लेपामुळं रक्तातलं, लघवीतलं युरिक आम्ल मला चटकन ओळखू येतं. ते भेटलं, की माझ्यातून वाहणारी वीज वाढते आणि जोडलेल्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ उंच उठते. सांधे सुजलेल्या रुग्णांची तपासणी स्वस्तात व्हावी म्हणून तिनं मला घडवलं.

सूड घेणं माझं काम नव्हतं. ते दुष्काळानं गळ्यात घातलं.

शहरालगतच्या सातारा डोंगराखाली इमारती भराभर उठल्या, नळ मात्र आले नाहीत. अश्लेषाची वसाहत पाणी विकणाऱ्या आप्पासाहेबांच्या टँकरवर जगायची. त्या उन्हाळ्यात तिच्या आईला, यमुनाबाईंना, कावीळ झाली आणि त्या गेल्या. तेराव्याला आप्पासाहेब येऊन म्हणाले, "वय झालं व्हतं, ताई. पाण्याला कशाला बदनाम करता?"

दुसऱ्याच दिवशी अश्लेषानं टँकरचं पाणी प्रयोगशाळेत आणलं. मला त्यात बुडवलं. रेघ अशी उसळली, की तिचा हात तोंडावर गेला. पाण्यात माणसाची लघवी होती! टँकर जिथून भरायचा, ती आप्पासाहेबांची विहीर मैलापाण्याच्या नाल्याला लागूनच होती.

ती रडली नाही. मला आणि यंत्राला पिशवीत घालून तडक वसाहतीत आली. टँकरभोवती घागरींची गर्दी होती. तिनं सगळ्यांसमोर आधी बाटलीबंद पाणी तपासलं. रेघ आडवीच राहिली. मग टँकरचं तपासलं. मी सगळा जोर लावला. रेघ उसळली, आणि पाण्यात लघवी आहे, हे तिनं सगळ्यांना सांगितलं.

"यंत्राचं काय, कायबी दाखवतं," आप्पासाहेब हसले.

अश्लेषानं टँकरच्या तोटीखाली पेला धरला. "मग प्या."

"आत्ता? तहान नाय मला."

"माझी आई हेच प्यायली. घ्या."

"प्या की, साहेब," घागर कमरेवर घेतलेली साळूबाई पुढं झाली. "आमाला तर लई गोड हाय म्हणत व्हता!"

आप्पासाहेबांनी पेला ओठांपर्यंत नेला. तिथंच त्यांचा हात थांबला. अख्ख्या वसाहतीनं ते पाहिलं. बायांनी घागरी जागेवरच उपड्या केल्या. तो टँकर पुन्हा त्या वसाहतीत शिरला नाही.

आज माझ्या टोकावर त्या आम्लाची पुटं चढलीत, मी मंद झालोय. अश्लेषा, मला घासून स्वच्छ कर. जुना लेप गेला तरी चालेल, नवा चढव. आप्पासाहेबांचे टँकर आता पलीकडच्या वसाहतीत जातात.